ग्रीक पटाशीला कुंकू

हॉलमध्ये उदबत्ती नाही, निरांजन नाही, पाणी नाही, नारळ फोडायचा नाही, अक्षता टाकायच्या नाहीत. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी मी आमच्या माणसांच्या ग्रुपवर एवढं टाकलं आणि खाली लिहिलं, फुलं आणि कोरडं हळदकुंकू चालेल. धुराचा अलार्म वाजू नये आणि फरशीला डाग पडू नये, एवढाच माझा विचार होता. एरवी ही पूजा आम्ही अल क्वोजच्या वर्कशॉपमध्ये करतो. तिथे करवत-मशीनसमोर नारळ फुटतो, फोर्कलिफ्टला झेंडूचा हार पडतो आणि मालक स्वतः पेढे वाटतात. त्या वर्षी आमची झाडून सगळी हत्यारं दुबईतल्या एका खासगी प्रदर्शनाच्या हॉलमध्ये होती आणि उद्घाटन तोंडावर आलं होतं. म्हणून पूजाही तिथेच.

आमची कंपनी प्रदर्शनं उभी करून देते. भिंती, चौथरे, काचपेट्या, दिवे. मालक कोल्हापूरचे, माझ्या नवऱ्याचे कॉलेजातले मित्र. ऑफिसातही मला वहिनीच म्हणतात. सामान, माणसं, परवाने आणि तारखा यांची मोट बांधणं हे माझं काम. मी सगळ्याच्या याद्या करते. घरी भाजीचीही करते, आणि त्यावरून घरात माझी भरपूर चेष्टा होते.

हे प्रदर्शन एका प्राचीन ग्रीक शहराचं होतं. समुद्रकाठच्या त्या शहरात उत्खनन करताना एक अख्खी गल्ली सापडली होती. दोन्ही बाजूंना कारागिरांच्या कार्यशाळा: सुतार, साच्यातून मातीच्या मूर्ती काढणारे, कापड रंगवणारे. गल्लीच्या टोकाला सार्वजनिक न्हाणीघरं. दिवसभराचं काम आटोपलं की कारागीर तिकडे वळत असावेत, असं माहितीफलकावर लिहिलं होतं. न्हाणीघराची खोली गोल, आणि भिंतीला लागून ओळीने बसके टब. त्यांत झोपायचं नाही, बसायचं, आणि नोकराने वरून पाणी ओतायचं. तसले टब आम्ही अल क्वोजला जिप्समचे बनवत होतो. आमच्या एका रंगाऱ्याने त्यात बसून पाहिलं आणि म्हणाला, "मॅडम, ही अंघोळ म्हणजे शिक्षाच की. गुडघे कानाला लागतात."

लाकडाचं सगळं काम मेस्त्रींकडे होतं. मेस्त्री कुडाळकडचे, जातीचे सुतार, कंपनीत माझ्याही आधीपासून. वर्षानुवर्षं एकटे राहिले, आणि त्या उन्हाळ्यात बायकोला आणि मुलीला घेऊन आले. अल कुसैसला आमच्या शेजारच्या बिल्डिंगमध्ये त्यांनी घर घेतलं. मुलगी दहावीत. दहावीच्या वर्षी शाळा बदलून मिळणं सोपं नव्हतं. कागद कुठले, शिक्का कुठला, आधी कुठे जायचं, हे सगळं मीच मार्गी लावलं होतं. मेस्त्रींचा स्वतःचा व्हिसा तेव्हा रिन्यूअलला आला होता आणि फाइल मालकांच्या टेबलावर होती. बायको-मुलीचे व्हिसे त्यांच्याच व्हिसावर. त्यांचा गेला की दोघींचा गेला.

खऱ्या वस्तूंबरोबर ग्रीसहून एक बाई आल्या होत्या. जुन्या वस्तू तपासणं, दुरुस्त करणं आणि जपणं हा त्यांचा पेशा. आखूड पांढरे केस, कपाळावर चढवलेलं भिंग. पहिल्याच दिवशी त्यांनी सगळ्यांना उभं करून एक नियम सांगितला. पेटीतून बाहेर आलेल्या वस्तूला हात लावणार त्या एकट्या. बाकी कोणी नाही, हॉलचा मालकसुद्धा नाही. मला बाई लगेच पसंत पडल्या. वस्तू काचपेटीत उभ्या राहाव्यात म्हणून लाकडाचे छोटे टेकू लागतात, ते मेस्त्री करत होते. बाई वस्तू धरायच्या, मेस्त्री लांबून माप घ्यायचे, मान हलवायचे, टेकू तासून आणायचे. दोघांची एकही भाषा समान नव्हती, काही सांगायचं झालं तर मी इंग्रजीचं मराठी करायचे, पण बाई त्यांना मास्टर म्हणायच्या आणि त्यांचं काम बघायला मुद्दाम उभ्या राहायच्या.

खंडेनवमीच्या दुपारी बाई जेवायला गेल्या. टेबलावर तीन वस्तू होत्या: एक लोखंडी पटाशी, म्हणजे सुताराची छिन्नी, मूर्तीच्या चेहऱ्याचा एक भाजलेल्या मातीचा साचा, आणि न्हाणीघरात सापडलेली कांस्याची वाकडी पट्टी. ग्रीक लोक अंगाला तेल चोळायचे आणि मळासकट ते या पट्टीने खरवडून काढायचे. तिन्ही वस्तूंवर पातळ कागद पांघरून, टेबलाभोवती दोरी लावून बाई गेल्या. मी मागच्या गेटवर टब उतरवून घेत होते.

परत आले तेव्हा पूजा झाली होती. जमिनीवर हिरवं कापड, त्यावर ड्रिल, रंधे, करवती, लेव्हल, अगदी मोजपट्टीसुद्धा. प्रत्येकावर हळदकुंकवाची दोन बोटं आणि झेंडूचं फूल. पोरं डबे उघडून बसली होती. एकाने मला पेढा दिला, मी तो तोंडात टाकला आणि सहज बाईंच्या टेबलाकडे पाहिलं.

दोरी जागेवर होती. कागद मात्र नीट घडी घालून बाजूला ठेवला होता. पटाशीच्या पात्यावर हळदीचं बोट, त्याला लागून कुंकवाचं. साच्याच्या कडेलाही तसंच. दोन्हींवर एकेक पाकळी.

मी टेबलापाशी गेले.

"हे कुणी केलं?"

"मी," मेस्त्री म्हणाले. काही चुकलंय याची त्यांच्या आवाजात चाहूलही नव्हती. "हत्यारंच ती, ताई. खंडेनवमीला समोर असलेलं हत्यार वगळू नये. माझो बापूस शेजाऱ्यानं टाकलेल्या कोयत्याकपण कुंकू लावी."

"आणि ती पट्टी? तिला नाही लावलं?"

"ती न्हाणीतली. तिका कशाला?"

दुसऱ्या कुठल्याही दिवशी मी हसले असते. माझा चेहरा बघून मेस्त्रींच्या लक्षात यायला लागलं. त्यांनी शर्टाची बाही मुठीत धरली आणि ते टेबलाकडे निघाले.

"हात लावायचा नाही!" मी ओरडले. रस्त्यात धावणाऱ्या पोरावर ओरडावं तशी. डबे खाणारी पोरं उठून उभी राहिली. "कोणीही काहीही पुसायचं नाही. पाकळीसुद्धा उचलायची नाही."

दारावरचा गार्ड आत आला आणि जागच्या जागी थिजला. "मैडम, मैंने सोचा उन मैडम ने बोला होगा। ये तो सुबह से इसी टेबल पर नाप ले रहा था।"

त्याचंही खरंच होतं. सकाळपासून मेस्त्री त्याच टेबलाशी होते.

मी मालकांना फोन लावला. ते गाडीत होते. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ब्रशने झाडून टाका. खलास. कुंकू आहे ते वहिनी, ॲसिड नाही."

"बाईंना सांगायला हवं."

"का? त्यांनी विचारलंय? त्या जेवतायत ना? जेवू द्या. यल्ला, झाडा आणि फोटो पाठवा."

"मला नाही माहीत त्या लोखंडाला काय चालतं आणि काय नाही."

"मला काय माहीत आहे ते सांगतो. मेस्त्रीची फाइल माझ्या टेबलावर आहे. क्लायंटने त्याचं नाव काळ्या यादीत टाकलं तर मी त्याला ठेवू कुठे? आपली निम्मी कामं त्यांचीच आहेत. पोरगी दहावीला आहे त्याची. मग बसा न्याय करत."

फोन ठेवला. मी ब्रश घेतला नाही. त्यात काही मोठं तत्त्व नव्हतं. हळद पुसायला गेलं की पसरते, हे आपल्या कुठल्याही स्वयंपाकघरात माहीत असतं, आणि इथे तर कशावर पसरेल तेही मला ठाऊक नव्हतं. मी एवढंच केलं: पोरांना बाहेर पाठवलं, गार्डला दारात उभं केलं आणि कचऱ्याच्या पिशवीतून हळदीचं आणि कुंकवाचं पाकीट शोधून काढलं. त्यात काय काय आहे हे कोणी तरी विचारणार, हे नक्की होतं.

मेस्त्री एका लाकडी खोक्यावर बसले होते. "माका काय म्हायत," ते दोनदा म्हणाले. मग फोन काढून बघितला आणि परत खिशात ठेवला. "तिची प्रिलिम हा पुढच्या महिन्यात."

"मेस्त्री, आत्ता फक्त गप्प बसा."

बाई आल्या. हातात कॉफीचा कागदी पेला होता. दारातच त्यांना गार्डचा चेहरा दिसला असावा, कारण त्यांनी पेला बाहेरच ठेवला. टेबलापाशी येऊन उभ्या राहिल्या. त्या ओरडतील असं मला वाटलं होतं. त्यांनी हातमोजे चढवले, भिंग डोळ्यांवर ओढलं आणि मग माझ्याकडे न बघता विचारलं, "हे काय आहे?"

मी सांगितलं. आज आमच्याकडे हत्यारांची पूजा असते. पिवळी ती हळद. लाल ते कुंकू, तेही मुळात हळदीचंच, चुना घालून केलेलं. पण बाजारचं आहे, रंग मिसळलेला असू शकतो. मी पाकिटं पुढे केली. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली.

"कोणी लावलं?"

मी मेस्त्रींकडे बोट केलं नाही. त्यांनीच हात वर केला, शाळेतल्यासारखा. बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, आणि त्या नजरेत रागापेक्षा वेगळं काही होतं. या माणसाकडून त्यांची ही अपेक्षा नव्हती.

"ओलं की कोरडं?"

"कोरडं," मी म्हटलं. "पाणी आणायचं नाही असं मीच सांगितलं होतं."

त्यांचे खांदे जरा खाली आले. "कोरडं असेल तर बरं. कोरडी भुकटी पडली, असं लिहिता येईल. अपघात." त्यांनी एक मऊ ब्रश निवडला आणि पटाशीवर वाकल्या. माझ्या छातीवरचंही काही तरी उतरलं. अपघात हा फार चांगला शब्द होता. अपघातात कोणाचं नाव लागत नाही.

तेवढ्यात मेस्त्री माझ्या मागून हळूच म्हणाले, "ताईनू, पटाशीक तेल लावलंय."

मी वळले.

"खोबरेल. आधी तेलाचा बोट फिरवलंय, मगे कुंकू. लोखंडाक तेल लावल्याशिवाय आम्ही कुंकू लावत नाही. मातीच्याला नाही लावलं, फक्त पटाशीला." त्यांनी मानेने बाईंकडे खूण केली. "त्यांका सांगा."

बाईंनी मान वर केली नाही. "काय म्हणाला तो?"

हॉलमध्ये मराठी कळणारे आम्ही दोघंच होतो. भुकटी पडली म्हणजे अपघात. तेल लावलं म्हणजे परक्याच्या वस्तूला ठरवून काही तरी फासलं, आणि फासणाऱ्याला नाव असतं, गळ्यातल्या पासवर फोटो असतो. मी काहीही सांगू शकत होते. माफी मागतायत असं सांगितलं असतं तरी चाललं असतं, ते खोटंही ठरलं नसतं. मेस्त्री माझ्याकडे बघत होते. ब्रश पात्याच्या अगदी जवळ आला होता.

"त्यांनी पटाशीला खोबरेल तेल लावलंय," मी म्हटलं. "कुंकवाच्या आधी."

ब्रश थांबला. बाईंनी तो बाजूला ठेवला आणि दोन्ही हात टेबलाच्या कडेवर टेकले.

"किती?"

मेस्त्रींनी करंगळीचं टोक दाखवलं.

"हे मला कळलं नसतं," बाई म्हणाल्या, "तर मी आता ब्रश मारून ती लाल भुकटी तेलासकट गंजाच्या खड्ड्यांत भरली असती. मग ती काढता काढता पात्याचा पापुद्रा निघाला असता." हे त्या मला सांगत होत्या की स्वतःला, कोणास ठाऊक.

नंतरचा वेळ कसा गेला ते मला नीट आठवत नाही. त्यांनी एक बाटली काढली, काडीला कापूस गुंडाळला, कापूस भिजवला आणि पात्यावर तो न घासता नुसता टेकवून उचलायला सुरुवात केली. पहिला बोळा लाल निघाला. दुसराही लाल. मग गुलाबी. प्रत्येक बोळा त्या एका पांढऱ्या कागदावर ओळीने ठेवत होत्या आणि मेस्त्री लांबून मान उंच करून रंग बघत होते. त्या पटाशीवर पूर्वीच कोणी तरी मेणाचा पातळ थर दिलेला होता, असं बाईंनी मध्येच सांगितलं. तेल त्या मेणावर अडलं होतं. खूप वेळाने एक बोळा पांढरा निघाला. त्यांनी खात्रीसाठी आणखी एक फिरवला. तोही पांढरा.

साच्याचं तसं झालं नाही. भुकटी ब्रशने आणि छोट्या व्हॅक्यूमने निघाली, पण मातीच्या कडेवर फिकट पिवळी झाक राहिली.

"आमच्याकडे हळदीचा डाग उन्हात ठेवतात," मी म्हटलं. "उडतो."

"माहीत आहे मला. प्रकाशाने तो रंग मरतो. पण आज या साच्याला मी काहीच करणार नाही. घाईत केलेलं काम परत करता येत नाही." मग त्या मेस्त्रींकडे वळल्या. "मास्टर, मला विचारलं का नाही?"

मी विचारलं. मेस्त्री म्हणाले, "तुम्ही जेवायला गेल्या होत्या. आणि पूजा झाल्याबिगर पोरं जेवत नाहीत. भुकेली होती."

मी जसंच्या तसं सांगितलं. बाईंनी भिंग कपाळावर चढवलं आणि डोळे चोळले. "मला सगळं लिहून पाठवावं लागेल."

"तेलाचंही?"

"तेलाचं सगळ्यात आधी," त्या म्हणाल्या. "तुमची माणसं खरं बोलतात हेही लिहीन. पण त्याने काही होईल असं मला वाटत नाही."

ग्रीसहून उत्तर येईपर्यंत मेस्त्रींनी हॉलमध्ये यायचं नाही असं ठरलं. ते मागच्या गेटवर रिकाम्या खोक्यांच्या सावलीत बसून राहिले. गळ्यातला पास काढायचं कोणी सांगितलं नव्हतं, म्हणून तो तसाच होता. मी जाता येता त्यांना चहा देत होते.

"घरी सांगितलंत?"

"नाही. उद्या दसरा. श्रीखंड आणायला सांगितलाय तिने." चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, "आणीन."

उत्तर दसऱ्याच्या दिवशी आलं. पटाशी प्रदर्शनात ठेवायला हरकत नव्हती. साचा पेटीत बंद करून परत पाठवायचा होता. ज्या कामगाराने वस्तूला पदार्थ लावला त्याने या प्रदर्शनाच्या कुठल्याही कामात असू नये. इथवर ठीक होतं. पुढच्या प्रदर्शनांची कामं येतच होती, तोवर मेस्त्री अल क्वोजला राहिले असते. पण हॉलवाले क्लायंट घाबरले आणि एक पाऊल पुढे गेले. त्यांनी आमच्या मालकांना कळवलं की या माणसाचं नाव आमच्या कुठल्याच साइटच्या यादीत नको.

मी अल क्वोजला गेले तेव्हा मालक केबिनमध्ये उभेच होते.

"पावडर होती ती, वहिनी! पावडर मी सांभाळून घेतली असती. तुम्हाला भाषांतर करायची हौस."

"आणि पटाशीचा पापुद्रा निघाला असता तर तोही सांभाळला असतात?"

"तेव्हाचं तेव्हा."

"त्यांचा व्हिसा रिन्यू करा. मार्चमध्ये बोर्डाची परीक्षा आहे. तोवर वर्कशॉपमध्ये राहू देत."

"वर्कशॉपमध्ये बसवून पगार देऊ? सुतार काम करतो साइटवर. आणि लेबरच्या इन्स्पेक्शनला काय दाखवू?" ते बसले. "अटी किती घालता? एवढ्या तर माझी बायको घालत नाही."

"तिने घातल्या असत्या तर कंपनी बरी चालली असती."

त्यांना हसू आलं आणि ते आल्याचा आणखी राग आला. पाणी प्यायले. मग म्हणाले, "हे बघा. मी त्याला हाकलत नाही. माणूस चांगला आहे, माझ्याबरोबर जुना आहे. पण इथे काम नाही त्याला. दुसरीकडे बघा. मिळेपर्यंत कॅन्सल करणार नाही. मात्र महिनाअखेरपर्यंतच. त्यानंतर माझ्या हातात नाही."

मी बघायला लागले. इथल्या मराठी माणसांत कोण कसला धंदा करतो हे मला साधारण माहीत असतं. फोन करत गेले. केटरिंगवाल्यांना सुतार नको होता. एका इंटिरियरवाल्यांना हवा होता, पण क्लायंट तोच निघाला. एकाने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तेल का लावलं हो त्याने?" त्याला नुसता किस्सा ऐकायचा होता, काम द्यायचं नव्हतं. शेवटी दुबईपासून तीन-चार तासांवरच्या रुवैसला साताऱ्याकडचे एक कॉन्ट्रॅक्टर सापडले. रिफायनरीच्या आसपास त्यांची बांधकामं चालतात.

"सुतार पाहिजे मला," ते म्हणाले, "पण शटरिंगचा. काँक्रीटसाठी प्लायवूड ठोकायचं. नक्षीकाम करणारा असेल तर पहिल्या आठवड्यात पळून जाईल."

मी मेस्त्रींना विचारलं. ज्या माणसाने खिळा न वापरता कपाटं जोडली त्याला मी खिळे ठोकायला पाठवत होते. ते म्हणाले, "चलात." मग विचारलं, "घरी कधी येऊक मिळतला?"

"कॅम्पवर राहायचं. पंधरा दिवसांतून एकदा, काम कमी असेल तर."

त्यांनी मान हलवली. एवढी वर्षं एकटे राहून बायको-मुलीला आणलं आणि जेमतेम तीन-चार महिन्यांचं घर मिळालं, असं काही ते बोलले नाहीत. मला ते आपलं आपण कळलं.

महिनाअखेर जवळ आली तरी रुवैसचा कागद येईना. आधी त्यांचा मेडिकलचा घोळ, मग सुट्टी, मग सही करणारा माणूस भारतात गेलेला. बायको-मुलीचे व्हिसे मध्यंतरी होल्डवर ठेवता येतात, ते मी सरकारी अर्ज भरून देणाऱ्या टायपिंग सेंटरला बसून करून घेतलं. मालकांना रोज सकाळी फोन करायचे. ते म्हणायचे, "इन्शाल्ला म्हणा आणि ठेवा." मी ठेवायचे आणि दुपारी परत करायचे. कागद आला तो शेवटच्या कामाच्या दिवशी, ऑफिसं बंद व्हायच्या जरा आधी. मालकांनी स्वतः गाडी काढली आणि तो पोचवला. हे मी त्यांच्या बाजूने लिहून ठेवते.

मेस्त्री निघाले त्या पहाटे मी खाली गेले. रुवैसचा पिकअप बिल्डिंगसमोर उभा होता. त्यांची हत्यारांची पेटी मागे दोरीने बांधलेली होती. मुलगी शाळेच्या गणवेशात, पाठीला दप्तर. बायको नवऱ्याच्या हातात डबा देत होती. ती गेल्या काही दिवसांत माझ्याशी बोललेली नव्हती. समोर आली तर मान हलवायची, इतकंच.

मुलगी माझ्याकडे आली. "आंटी, वी आर स्टेइंग टिल बोर्ड्स, राइट?"

"हो."

"लाइक, फॉर शुअर?"

"फॉर शुअर. कागद मी डोळ्यांनी पाहिलाय."

ती बाबांकडे धावली, त्यांना काही तरी सांगून हसवलं. बायको मात्र तिथेच उभी राहिली. मग माझ्याकडे न बघताच म्हणाली, "त्यांनी ते तुम्हाला मराठीत सांगितलेलं ना?"

"हो."

"मग मराठीतच ठेवायचं होतं."

मला उत्तर द्यायचं होतं. ब्रश पात्याजवळ होता, पापुद्रा निघाला असता, नंतर कळलं असतं तर याहून वाईट झालं असतं. हे सगळं मुद्देसूद माझ्याजवळ होतं.

पिकअपमधून मेस्त्रींनी ऐकलं असावं. "अगो, मीच सांगा म्हटलंय," ते खिडकीतून म्हणाले. "त्यांका कित्याक बोलतंस?"

"तुम्ही गप बसा. डबा दुपारी खा, संध्याकाळी नको, वास येईल." ती पुढे झाली आणि खिडकीच्या काचेवर दोन बोटं टेकून उभी राहिली. ड्रायव्हरने गाडी सुरू केली तेव्हा तिने ती उचलली.

गाडी वळणावरून दिसेनाशी झाली. मी म्हटलं, "काही लागलं तर सांगा. कधीही."

"काय लागणार," ती म्हणाली. "बाथरूमचं दार घासतंय कधीचं. सुताराच्या घरात."

"मी पाठवते कोणाला तरी. आजच पाठवते."

"नको." तिने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. राग होता, पण आता तो अंगावर येणारा नव्हता. "ते आले की करतील. आणि तुम्ही रविवारी जेवायला या. मला कागद कुठले सांभाळून ठेवायचे ते दाखवा. आता मलाच बघायला लागेल सगळं."

मग तिने मुलीला हाक मारली, "चल गो, बस येईल," आणि दोघी फुटपाथच्या कडेला जाऊन उभ्या राहिल्या.